मिसिंग एक, दुखणी दोन

"चढावर गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी अडते, आणि गॅसच्या रांगेत उभी असली की स्टिअरिंग थरथरतं." मॅडमनी पहिल्या दिवशी हे एका दमात सांगितलं होतं. मी जॉबकार्डावर लिहिलं, 'चढावर मिसिंग', म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ चुकतोय. पुढचं सगळं प्रकरण त्या न लिहिलेल्या अर्ध्या वाक्याचं आहे.

जुलैचा शेवट होता. साताऱ्यात पावसाने ठाण मांडलं की आमच्या गॅरेजच्या शेडमध्ये ओल्या गाड्यांची रांग लागते, त्यातलीच ही एक. २०१५ ची, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व, ठिणगीसाठी प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. मीटरवर १,२२,००० किलोमीटर. २०१९ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलेलं आणि तेव्हापासून गाडी सकाळी स्टार्ट होण्यापुरतीच पेट्रोलवर. मॅडम यवतेश्वरच्या पुढच्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. राहायला शाहूपुरीत. म्हणजे गाडीला रोज घाट, पावसाळ्यात रोज धुकं, आणि रविवारी घरातल्या पाचही जणांचं वजन.

आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात चारही प्लग नवीन टाकून झाले होते, थ्रॉटल बॉडी साफ झाली होती, इंजेक्टरही धुऊन झाले होते. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्या मिस्त्रीला मी नावं ठेवणार नाही. मी पुढे काय केलं ते वाचल्यावर तुम्हीही ठेवणार नाही.

पहिली फेरी

बोनेट उघडायच्या आधी स्कॅनर लावला. दोन कोड सापडले, पी०३०३ आणि पी०३००. पहिल्याचा अर्थ सरळ आहे, तीन नंबरचा सिलिंडर मिस होतोय. दुसऱ्याचा अर्थ, एकापेक्षा जास्त सिलिंडर मिस होताहेत.

हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं कसं, ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा जाळ होतो. दर वेळी क्रँकला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, एक धक्का मिळतो. क्रँकच्या दातेरी चकतीसमोर सेन्सर बसलेला असतो, तो दात मोजत राहतो. एखाद्या सिलिंडरचा धक्का चुकला की पुढचे काही दात किंचित उशिरा येतात. कुणाच्या पाळीला उशीर झाला ते ईसीयूला माहीत असतं, म्हणून तो सिलिंडरचा नंबर सांगू शकतो. पण त्याने मोजलेला असतो फक्त उशीर. ठिणगी पडली नाही, की पेट्रोल आलं नाही, की दाबच धरला नाही, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. कोड आला की लगेच प्लग-कॉइलची ऑर्डर देणारे मला म्हणूनच घाईचे वाटतात.

कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद पाहिली. २,५०० च्या आसपास आरपीएम, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ पूर्ण उघडा, गाडी गॅसवर. म्हणजे घाटच. मॅडमच्या पहिल्या वाक्याशी तंतोतंत जुळलं, आणि मी खूश झालो. तिथेच खाली प्रत्येक सिलिंडरचे मिसिंग मोजणारे आकडेही दिसत होते. गाडी आयडलिंगला उभी होती, इंजिन तापलेलं होतं. तीन नंबरपुढे ४, एक आणि चारपुढे शून्य, आणि दोन नंबरपुढे ११. हा अकरा मी डोळ्यांनी पाहिला. 'असेल काहीतरी' म्हणून पुढे गेलो.

"घाटात दिवा नुसता लागायचा की उघडझाप करायचा?" मी विचारलं.

"उघडझाप. मग मी पाय जरा कमी करायची, की थांबायचा."

बरं केलं त्यांनी. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गॅरेज गाठायला सवड असते. तो उघडझाप करू लागला, तर न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत पेटतंय असं समजायचं. आतली जाळी अशाने वितळते, आणि तिची किंमत ऐकून माणूस खुर्चीत बसतो.

कॉइल तपासायची आमची रीत जुनीच आहे. वस्तू विकत घेण्याआधी तिची जागा बदलून बघायची. तीनची कॉइल एकवर टाकली, एकची तीनवर, कोड पुसले आणि यवतेश्वरचा घाट गाठला. गॅसवर, दुसऱ्या गिअरला, पाय दाबून. तिसऱ्या वळणाच्या आतच गाडीने झटके मारले. स्कॅनरवर आलं, पी०३०१. दुखणं कॉइलबरोबर चालत एक नंबरला आलं होतं.

इथे एक आडवळण घेतो. चालू इंजिनाची प्लगची वायर ओढून कोणता सिलिंडर मेला ते शोधायची सवय आमच्या पिढीच्या हातात अजून आहे. कॉइलच्या गाड्यांवर ते करू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतच वाट काढते आणि चांगली कॉइलही जाते. वर सायलेन्सरमध्ये कच्चं इंधन जातं ते वेगळं. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचा सॉकेट काढा. आणि मल्टिमीटरने कॉइलचे ओहम मोजून ती 'ओके' ठरवू नका. आत इग्नायटर असलेल्या कॉइलचे ओहम धड मोजताही येत नाहीत, आणि कॉइल फुटते ती भाराखाली, टेबलावर नाही.

तीन नंबरची कॉइल वर ओढली तेव्हा तिच्या रबरी नळीला तेल लागलेलं होतं. रबर फुगून लिबलिबीत झालेलं. प्लगच्या खड्ड्यात बोटभर इंजिन ऑइल. प्लग काढला तर पांढऱ्या चिनी मातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलीने मारल्यासारखी काळी रेघ. ठिणगी प्लगच्या टोकाशी न पडता बाहेरच्या बाजूने या रेघेवरून हेडला उतरत होती. सपाटीवर नाही आणि घाटातच का, याचं उत्तरही याच रेघेत आहे. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, आणि दाबाखाली गॅपमधून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. गॅसवर त्याहून जास्त. समोरची उडी अवघड झाली की वीज बाजूची सोपी वाट धरते. नवीन टाकलेल्या प्लगांचा गॅप मोजला तर तो १.१ मिलिमीटर निघाला, पेट्रोलच्या हिशोबाचा. गॅसच्या गाडीला मी ०.८ ठेवतो.

तेल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून उतरत होतं. प्लगच्या नळ्यांभोवतीची सीलं कडक होऊन चिरली होती. त्यामुळे नुसती कॉइल बदलून भागलं नसतं, नवीही तेलात भिजून महिन्या-दोन महिन्यांत गेली असती. टॅपेट कव्हर उघडलं, पॅकिंग आणि सीलांचा संच बदलला, खड्डे पुसून कोरडे केले, तीनला नवीन कॉइल आणि नवीन प्लग, चारही प्लगांचा गॅप ०.८. शनिवारची संध्याकाळ होती, मॅडम बाकावर बसून होत्या, बाहेर पाऊस. कव्हर उघडं असताना व्हॉल्व उघडणाऱ्या दोन्ही कॅमशाफ्ट माझ्यासमोर होत्या. फटी मोजायच्या पातळ पात्यांचं फिलर गेज भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं.

घाटाची ट्रायल घेतली. पावसात, गॅसवर, पाच माणसांच्या वजनाऐवजी डिकीत दोन जुने गिअरबॉक्स टाकून. गाडी सरसरत वर गेली. बिल साडेचार हजारांच्या आत झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

बारा दिवसांनी

"दादा, दिवा परत लागला. घाटात नाही लागला, गॅसच्या रांगेत लागला."

तेव्हा कुठे मला जॉबकार्डावरचं राहिलेलं अर्धं वाक्य आठवलं. पहिल्या दिवशी स्टिअरिंगची थरथर ऐकून मी मनात म्हटलं होतं, इंजिनाचं माउंटिंग बसलं असेल. आणि सोडून दिलं होतं.

या वेळी कोड एकच होता, पी०३०२. मग पहिल्या दिवशीच्या पी०३०० चा अर्थही लागला. ईसीयू तेव्हाच सांगत होता की सिलिंडर एकापेक्षा जास्त आहेत. तीन नंबरचं दुखणं गेल्यावर दोन नंबर उघडा पडला, इतकंच.

लक्षणं नीट विचारून घेतली, या वेळी लिहूनही घेतली. सकाळी गार गाडी झकास. पंधरा-वीस मिनिटं चालवून तापली आणि रांगेत उभी केली की थरथर. जरा रेस दिली की थरथर जाते. घाटात काही नाही. पेट्रोलवर टाकलं तरी तेच. हे शेवटचं वाक्य मोलाचं. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर गॅसचे इंजेक्टर, रिड्यूसर, फिल्टर तपासायचे. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर. दोन्हीवर सारखं असेल तर दोन्ही इंधनांना जे सामाईक आहे तिथे जायचं : ठिणगी, हवा आणि दाब.

ठिणगीचा निकाल अर्ध्या तासात लागला. दोनची कॉइल आणि प्लग चारवर, चारचे दोनवर. कोड दोनवरच राहिला. दुखणं वस्तूबरोबर हललं नाही, म्हणजे वस्तू निर्दोष.

मग मी वाट चुकलो, पुरता अर्धा दिवस. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम अधिक १२ दिसत होता, म्हणजे ईसीयूला मिश्रण पातळ वाटतंय आणि तो इंधन वाढवतोय. मी धरून चाललो की इनटेकला कुठेतरी हवा ओढतेय. मॅनिफोल्डच्या सगळ्या सांध्यांवर कार्ब क्लीनर मारून बघितलं, ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटीत धरून बघितला, इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारी पीसीव्हीची नळी बदलून बघितली. इंजिनाचा आवाज तसूभरही बदलला नाही. गोष्ट साधी होती. सिलिंडर मिस होतो तेव्हा न जळलेल्या इंधनाबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही सायलेन्सरकडे जातो. तिथला सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. त्याला वाटतं मिश्रण पातळ झालं. म्हणजे ट्रिम वाढल्यामुळे मिसिंग नव्हतं, मिसिंगमुळे ट्रिम वाढला होता. हे मी पोरांना शिकवतो आणि स्वतः विसरतो.

इनटेकमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला तेव्हा काटा खरं बोलला. सातारा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा इथे दोनेक इंच कमी दिसतात. नवीन पोरं ते बघून उगाच घाबरतात. आकड्याचं सोडा, काटा कसा हलतोय ते बघा. इथे तो ठरावीक तालात एकेक झटका खाली मारत होता, नाडीतला एक ठोका चुकावा तसा. हवेची गळती असती तर काटा एका जागी खाली बसला असता. तालात चुकणारा ठोका म्हणजे एका सिलिंडरचा एखादा व्हॉल्व नीट बसत नाही.

गार आणि गरम

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, घेताना चारही प्लग काढले, इंधन बंद केलं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे दिले. गार इंजिनावर एक ते चारचे आकडे आले १७०, १५८, १६८, १७१ पौंड. दोन नंबर जरा कमी, पण दहा टक्क्यांच्या आत. हे बघून बरेच जण गेज पेटीत ठेवतात. गाडी मात्र गार असताना चांगली चालतेय, मग गार असताना मोजून काय उपयोग? पुन्हा प्लग लावले, गाडी पंखा सुरू होईपर्यंत तापवली, हात भाजत प्लग काढले. आता आले १७४, ११८, १७२, १७५.

गार असताना बारा पौंडांचा फरक होता, गरम झाल्यावर पन्नासच्या पुढे गेला.

दोन नंबरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. ११८ चे १२२ झाले. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फटी भरून आकडा चांगला वर चढला असता. म्हणजे गळती वरून होती.

मग लीक टेस्ट. पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के पळते ते गेजवर बघायचं. हवा सोडायच्या आधी क्रँकवरचा पाना काढून ठेवायचा, हे आधी सांगतो. पिस्टन टोकापासून जरासा सरकलेला असला तरी हवेने इंजिन फिरतं, आणि पाना मनगट मोडण्याइतक्या जोरात फिरतो. एक, तीन, चार नंबरला नऊ-दहा टक्के. दोन नंबरला ४८. हवा कुठून पळते ते कानाने ओळखायचं. एअर फिल्टरकडे फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व, ऑइलच्या झाकणात आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आमचा आयटीआय झालेला पोरगा रबरी नळीचं एक टोक कानाला लावून गाडीभोवती फिरत होता. मागून ओरडला, "दादा, हिकडं वाजतंय, सायलेन्सरमदी."

एक्झॉस्ट व्हॉल्व.

बारा दिवसांपूर्वी नवीन पॅकिंग टाकून बंद केलेलं टॅपेट कव्हर मी पुन्हा उघडलं आणि खिळ्यावरचं फिलर गेज काढलं. या इंजिनाला एक्झॉस्टचा टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्वच्या मधली फट, गार असताना ०.२८ ते ०.३२ मिलिमीटर हवा. एक, तीन आणि चार नंबरचे सहाही ०.१५ ते ०.२० च्या दरम्यान होते. दोन नंबरचा एक ०.०७. दुसऱ्यात ०.०५ ची पात, माझ्याकडची सगळ्यात पातळ, शिरलीच नाही. इनटेकचे आठही ठीक.

एक्झॉस्टचे सगळे आवळले जाणं आणि इनटेकचे जागेवर राहणं, ही गॅसची सही आहे. सीएनजी कोरडं इंधन. पेट्रोलवर व्हॉल्व आणि तो जिच्यावर बसतो त्या सीटच्या मध्ये जी बारीक काजळी साठते ती गादीसारखी काम करते, गॅसवर ती नसते. धातूवर धातू आपटतो, त्यात एक्झॉस्टचा व्हॉल्व सगळ्यात तापलेला. सीट हळूहळू खचते, व्हॉल्व हेडमध्ये वर सरकतो आणि त्याची दांडी कॅमच्या दिशेने उठते. टॅपेटची फट कमी कमी होत जाते. कंपनीतून गॅसवर आलेल्या गाड्यांना कडक सीटा असतात, बाहेरून किट बसवलेल्या पेट्रोलच्या गाडीला साध्याच. या इंजिनात फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, म्हणून मोजल्याशिवाय काही कळत नाही. आणि मोजावं असं कुणाला वाटत नाही, कारण आवळलेला टॅपेट वाजत नाही. सैल टॅपेट टकटक करून गल्ली जागी करतो, गिऱ्हाईक पळत येतं. आवळलेला गप्प असतो. या गाडीचं इंजिन शिलाई मशीनसारखं मुलायम चालत होतं, मीच पहिल्या दिवशी कौतुक केलं होतं.

आता गार-गरमचं कोडं उलगडतं. गार असताना त्या व्हॉल्वला केसाएवढी फट शिल्लक होती, तो कसाबसा बसत होता. तापला की दांडी लांबते, फट संपते, कॅम त्याला पूर्ण बसूच देत नाही. आयडलिंगला पिस्टन सावकाश वर येतो, हवेला पळायला वेळ मिळतो. रेस दिली की वेळच मिळत नाही, म्हणून थरथर जायची. घाटात काही जाणवायचं नाही आणि गॅसच्या रांगेतच जाणवायचं, ते यामुळे.

मॅडमचा प्रश्न

फोन केला. टॅपेट आवळलेत, व्हॉल्व खराब असण्याची शक्यता आहे, हेड उतरवावं लागेल असं दिसतंय, सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"दादा, मागच्या बिलात टॅपेट कव्हरचं पॅकिंग लिहिलंय. म्हणजे तेव्हा हे सगळं उघडलं होतं ना तुम्ही?"

मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला बिल द्यायचं म्हणजे हे आलंच. मी हो म्हटलं. तेव्हा मोजायला हवं होतं, मोजलं नाही, हेही सांगितलं. कव्हर उघडायची आणि तपासणीची मजुरी या वेळी लावणार नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "हेड उतरवायलाच लागेल हे नक्की करून सांगा. 'दिसतंय' नको."

प्रश्न रास्त होता. टॅपेटचे बकेट (कॅम आणि व्हॉल्वच्या मधल्या वाट्या) बदलून फट दिली तर व्हॉल्व कदाचित नीट बसेल आणि काम चार-पाच हजारांत आटपेल. पण व्हॉल्वची कड किंवा सीट जळलेली असेल तर बकेटचे पैसे पाण्यात, कारण सीट कापल्यावर फटी पुन्हा बदलतात आणि बकेट दुसऱ्या मापाचे लागतात. यातलं काय आहे ते खर्च न करता कळायला एक उपाय आहे. चेनवर खुणा केल्या, टेन्शनर अडकवला, चेन वर बांधून ठेवली आणि दोन्ही कॅमशाफ्ट काढल्या. आता कुठल्याच व्हॉल्ववर कुणाचा दाब नाही, सगळे आपापल्या स्प्रिंगवर बसलेले. अशा स्थितीत पुन्हा लीक टेस्ट घेतली. गळती बाकीच्या सिलिंडरांइतकी, म्हणजे नऊ-दहा टक्क्यांवर, आली असती तर दोष फक्त फटीचा. दोन नंबरचे ४८ टक्के २१ वर आले आणि तिथेच थांबले. सायलेन्सरमधली फुसफुस बारीक झाली, गेली नाही.

पुन्हा फोन केला, "नक्की" म्हटलं.

हेड उतरवल्यावर काही गूढ उरलं नाही. दोन नंबरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्वची कड एका ठिकाणी नखाने कुरतडल्यासारखी खाल्लेली, सीट पसरट आणि खड्ड्याखड्ड्यांची. शेजारचा व्हॉल्व त्या वाटेवर. एमआयडीसीतल्या आमच्या नेहमीच्या हेडवाल्याकडे दिलं. दोन नंबरला दोन नवीन एक्झॉस्ट व्हॉल्व आणि दोन कडक सीटा, बाकी सहा एक्झॉस्ट सीटांना हलका कट आणि लॅपिंग, सगळ्या व्हॉल्व सीलं नवीन, हेड पट्टी लावून सरळ आहे का ते बघितलं. त्याचं म्हणणं होतं आठही सीटा बदलू. त्या सहा सीटांची जागा चांगली होती आणि मॅडमचं बजेट मला माहीत होतं, म्हणून मी नको म्हटलं. यावर आमचं दोघांचं अजून जमत नाही. हेड परत आल्यावर पोर्टमध्ये रॉकेल भरून रात्रभर ठेवलं, सकाळी एकाही व्हॉल्वखाली ओल नव्हती.

बकेटचा हिशोब मात्र सावकाश करायचा असतो. सूत्र सोपं : जुन्या बकेटची जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. एका ठिकाणी ३.२० चा बकेट होता आणि फट आली ०.११, हवी ०.३०, म्हणजे ३.०१ च्या जवळचा बकेट. जाडी आतल्या बाजूला कोरलेली असते, तरी मी मायक्रोमीटरने मोजतो, कारण घासलेल्या बकेटवर कोरलेला आकडा जुना असतो. एक्झॉस्टचे आठही बकेट बदलायचे म्हटले असते तर खर्च वाढला असता. वहीत तक्ता मांडून इथला तिथे, तिथला इथे केल्यावर तीन जागच्यांची सोय झाली. पाचच नवीन लागले. ते साताऱ्यात मिळाले नाहीत, पुण्याहून एसटीच्या पार्सलने दुसऱ्या दिवशी आले. तोवर मॅडम वडाप जीपने शाळेला जात होत्या, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

जोडणीत सांगण्यासारखं विशेष नाही. नवीन हेड गॅस्केट, बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने, चेनच्या खुणा दोनदा तपासून, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून मगच स्टार्टर. गरम कम्प्रेशन आलं १७३, १७१, १७२, १७४. गाडी शेडमध्ये गॅसवर चाळीस मिनिटं आयडलिंगला उभी ठेवली, स्कॅनर समोर. चारही सिलिंडरांपुढे शून्य. फ्युएल ट्रिम आपणहून अधिक २ वर आला. कॅटॅलिटिकची काळजी होती, पण मागच्या सेन्सरची रेघ स्थिर होती आणि घाटात गाडीचा दम कमी झालेला नव्हता. पाय कमी करायची मॅडमची सवय तिथे कामाला आली.

बिल साडेएकोणीस हजार झालं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बारा दिवसांत दुसऱ्यांदा लागलं, ते माझ्या खिशातून.

गाडी देताना सांगितलं की गॅसवर चालवायची तर दर वीस हजारांना टॅपेट मोजून घ्या, आणि पहिल्यांदा आठ-दहा हजारांतच आणा, कारण नव्या सीटा सुरुवातीला जरा बसतात. मेमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, गाडी आली. दोन नंबरचे दोन्ही एक्झॉस्ट ०.२८, बाकीचे ०.२७ ते ०.३०. ०.२७ वाले मी वहीत लिहून ठेवले, तेवढ्यासाठी कॅम काढल्या नाहीत. प्लगचे खड्डे कोरडे होते.

"रांगेत आता काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त एसी लावला की ओलसर वास येतो, आणि मागचा डावा दरवाजा खडखडतो."

जॉबकार्डावर दोन्ही लिहून घेतलं.